अटीची जमीन आणि उसाचे वेळापत्रक



गेल्या अंकात खोडव्याच्या निगराणीविषयी लिहिले होते. या अंकात पिकाविषयी थोडे कमी आणि पिकाखालच्या जमिनीविषयी जास्त लिहिणार आहोत. त्याला कारण आहे. ऊस नोंदीच्या दिवसांत गट कार्यालयात सातबारा हातात घेतला की एक प्रकार आम्हाला वरचेवर दिसतो. भोगवटादार म्हणून नाव एकाचे, लागण केलेली दुसऱ्याने, आणि नोंद त्या दुसऱ्याच्या नावावर घ्या म्हणून आग्रह. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे स्पष्ट छापलेले असते, पण तिकडे कोणी बघत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले, "साहेब, आमचं आपसांत ठरलंय."

आपसांत ठरलेले कायद्याला ठाऊक नसते. आणि ऊस हे असे पीक आहे की ते दीड-दीड वर्ष जमिनीत उभे राहते. तेवढ्यात काय काय होते ते बघून हा विषय मांडावासा वाटला.

आपल्या कार्यक्षेत्रात सरकारकडून मिळालेले लहान तुकडे कसणारे बरेच जण आहेत. कोणी भूमिहीन म्हणून सरकारी पडीक जमीन मिळालेले, कोणी सीलिंगच्या जादा जमिनीतून वाटप झालेले, तर कोणी धरणात गाव गेल्यावर येथे येऊन वसलेले. काहींकडे फक्त मुदतीचा पट्टा आहे. या सगळ्यांना गावात एकच शब्द आहे, 'सरकारी जमीनवाले'. पण कागदावर हे प्रकार वेगवेगळे आहेत. प्रत्येकाची अट वेगळी, आणि त्याप्रमाणे उसाचा हिशोबही वेगळा.

जमीन कोणत्या नात्याने आपल्याकडे आहे?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. त्याच्या कलम २९ मध्ये जमीन धारण करणाऱ्यांचे वर्ग दिलेले आहेत. वर्ग १ म्हणजे जमीन कायमची आणि हस्तांतराला बंधन नाही. आपल्या बहुतेक सभासदांची जमीन या वर्गातली. वर्ग २ म्हणजे जमीन कायमचीच, वारसांनाही जाणारी, पण विकण्या-देण्यावर बंधन. ज्याला आपण 'नवीन शर्तीची' म्हणतो ती ही. तिसरा तो सरकारी पट्टेदार. कलम ३८ खाली जिल्हाधिकारी सरकारची बिनभोगवट्याची जमीन ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक कामासाठी, ठरावीक अटींवर पट्ट्याने देऊ शकतात. पट्टेदाराचे नाते पट्ट्याच्या कागदापुरते. कागदात जेवढे लिहिले तेवढा त्याचा हक्क, मुदत संपली की नाते संपले.

वर्ग २ आणि पट्टा यांत लोकांची फार गल्लत होते. वर्ग २ वाला म्हणतो, "माझं काय, सरकार कधीही काढून घेईल." तसे नाही. अट पाळली तर ती जमीन त्याच्या नातवालाही जाईल. उलट पाच वर्षांचा पट्टेदार विहीर काढायला निघतो. दोघांनीही आपला कागद वाचलेला नसतो. कागद कुठे बघायचा? सातबाऱ्यावर वर्ग दिसतो, बंधनाचा शेरा 'इतर अधिकार' या रकान्यात असतो. गावातल्या सगळ्या वर्ग २ जमिनींची नोंदवही म्हणजे गाव नमुना १-क. पण खरा कागद म्हणजे जमीन मिळाली त्या वेळचा मूळ आदेश. बंधने त्यात सविस्तर असतात आणि सातबाऱ्यावरचा शेरा हा त्याचा फक्त सारांश. ज्यांच्या घरी आदेश नाही त्यांनी तहसील कार्यालयात अर्ज करून त्याची नक्कल काढून ठेवावी. हे काम बसल्या बैठकीला होत नाही, हेलपाटे पडतात, तरी करावे.

हे तुकडे फुकट आलेले नाहीत

काही मोठे खातेदार बोलता बोलता म्हणतात, "त्यांना काय, सरकारनं दिलंय." हे ऐकून घेणे आम्हाला जड जाते. थोडा इतिहास सांगितला पाहिजे.

कूळ कायदा आला तेव्हा 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा झाली. पण ज्याच्याकडे कसायलाही जमीन नाही, जो दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करतो, त्याला त्यातून काय मिळणार होते? हा प्रश्न कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी उचलला. १९५९ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, आणि १९६४ च्या अखेरीस तो देशभर झाला. बायाबापड्यांसह माणसे तुरुंगात गेली. मागणी साधी होती, सरकारची पडीक जमीन भूमिहीनांना कसायला द्या. पुढे १९७१ मध्ये सरकारी जमिनीच्या विल्हेवाटीचे नियम झाले. नंतर १९७८ आणि १९९१ मध्ये शासनाने निर्णय काढून भूमिहीनांची सरकारी जमिनीवरील शेतीसाठीची जुनी अतिक्रमणे नियमित करण्याची वाट केली. १९९१ च्या निर्णयात १४ एप्रिल १९९० पर्यंतची मुदत धरली होती. २००४ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची जी योजना आहे, तिला दादासाहेबांचेच नाव आहे.

सीलिंगचा कायदा १९६१ चा. १९७५ मध्ये मर्यादा खाली आणली आणि बारमाही बागायतीला कुटुंबामागे १८ एकर, कोरडवाहूला ५४ एकर अशी ठरली. त्यावरची जादा जमीन सरकारने घेऊन वाटली. आणि धरणग्रस्तांचे तर काय सांगावे! कोयना, उजनी यांसारख्या धरणांत ज्यांची गावे बुडाली त्यांच्या पाण्यावर आपली लागण उभी आहे. १९७६ मध्ये पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा झाला, लाभक्षेत्रातली जमीन काढून त्यांना देण्याची पद्धत आली. गावठाण नवे, शेजारी नवे, माती नवी. भाताची किंवा नदीकाठच्या गाळाची सवय असलेल्या माणसाला मुरमाड तुकडा मिळाला आणि "कर आता ऊस" म्हटले, तर त्याला उभे राहायला किती वर्षे लागतील? मध्येच त्याने तो तुकडा कोणाला तरी कसायला देऊन टाकला, तर त्याला आळशी म्हणून चालणार नाही.

अट कशासाठी असते

अट दोन तऱ्हेची असते. एक अट जमीन धरणाऱ्याला राखते, दुसरी त्याला नुसती काचते. हा फरक समजायला एक जुने उदाहरण सांगतो. ते पंजाबातले आहे, पण त्याचा धागा आपल्या लोकमान्यांच्या मंडालेपर्यंत येतो.

१८९२ पासून चिनाब नदीच्या कालव्यावर इंग्रज सरकारने आपल्या मालकीच्या पडीक माळावर वसाहत बसवली. लायलपूर हे तिचे मुख्य ठाणे, म्हणजे आजचे पाकिस्तानातले फैसलाबाद. जमिनीचे सुमारे २८ एकरांचे चौकोन पाडले, त्याला मुरब्बा म्हणत, आणि मध्य व पूर्व पंजाबातल्या शेतकऱ्यांना आणून ते दिले. आपल्या हिशोबाने तुकडा मोठा, पण माळ उजाड होता. लोकांनी तो कसून सोन्यासारखा केला. अटी मात्र पुष्कळ. गावातच घर बांधून राहिले पाहिजे, झाडे लावली पाहिजेत, स्वच्छता राखली पाहिजे, जमीन विकता येणार नाही. अटींवर देखरेख करणारे खालचे नोकर त्याचाच धंदा करू लागले. दंड, तक्रार, चिरीमिरी, हे रोजचे झाले. त्यावर १९०६ मध्ये सरकारने नव्या वसाहत कायद्याचे विधेयक आणले. त्यात अटी आणखी आवळल्या, वारसा कोणाला जावा यातही हात घातला, आणि आधीच्या कराराने आलेल्या लोकांनाही ते लागू करण्याचा घाट घातला.

१९०७ मध्ये पंजाब पेटला. शेतकऱ्यांच्या प्रचंड सभा झाल्या. सरदार अजितसिंग आणि लाला लजपतराय यांना सरकारने मंडालेला हद्दपार केले. (पुढच्याच वर्षी टिळकांना त्याच मंडालेची वाट दाखवली हे आपण जाणतोच.) पण शेतकऱ्यांचे म्हणणे खरे होते हे व्हाइसरॉय मिंटो यांनाही मानावे लागले. त्यांनी त्या कायद्याला संमती नाकारली. १९१२ मध्ये दुसरा कायदा झाला आणि वसाहतकऱ्यांना मालकीची वाट मोकळी झाली.

आपल्याकडच्या अटी त्यांच्यासारख्या घरात शिरणाऱ्या नाहीत. आपल्या वर्ग २ च्या दोनच अटी मुख्य आहेत. जमीन स्वतः कसावी, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती दुसऱ्याला देऊ नये. आमच्या मते या राखणाऱ्या अटी आहेत. दोन एकरवाला आणि त्याच्या शेजारचा वीस एकरवाला यांच्यात कागदाने काहीच आड नसेल, तर पहिल्या आजारपणात किंवा पहिल्या लग्नात दोन एकर वीस एकरात जाऊन मिळतात. आम्ही हे नोकरीच्या वीस-बावीस वर्षांत इतक्या ठिकाणी पाहिले आहे की त्याबद्दल शंका उरलेली नाही. परवानगीला हेलपाटे पडतात, वेळ लागतो, ही तक्रार रास्त आहे आणि ती करत राहावी. परंतु अट नको असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

स्वतः कसणे म्हणजे काय? हातात नांगरच धरला पाहिजे असे नाही. १९४८ च्या कूळ कायद्यातली व्याख्या ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्वतःच्या मेहनतीने, घरच्या माणसांच्या मेहनतीने, किंवा स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावून कसणे, हे सगळे स्वतः कसण्यात येते. मजुरी रोख द्या नाहीतर धान्याने द्या. पण मजुरीच्या जागी पिकाचा वाटा दिला की ते स्वतः कसणे राहत नाही. म्हणजे ट्रॅक्टर भाड्याने घेतला, लागणीला टोळी लावली, भांगलण रोजाने करून घेतली, तरी काही बिघडत नाही. निमवाट्याने दिली की बिघडले. विधवा भगिनी, अज्ञान मुले, अपंग, आणि सैन्यात असलेला जवान यांना त्या व्याख्येत सवलत आहे. आपल्या आदेशात तशी काय सोय आहे ते वाचून घ्यावे.

सीलिंगच्या वाटपातल्या जमिनीला आणखी एक गाठ आहे. तिथे विक्री, बक्षीस, अदलाबदल, पट्टा यांना तर पूर्वपरवानगी लागतेच, पण भावाभावांतल्या वाटणीलासुद्धा लागते. परवानगीवाचून केलेल्या व्यवहारात जमीन सरकारजमा होऊ शकते. तीन भावांनी मध्ये दोन सऱ्या सोडून बांध घातला, तर तो घरातला प्रश्न आहे असे समजू नये. वनहक्क कायद्याखाली (२००६) मिळालेल्या जमिनीचेही तसेच. ती नवरा-बायको दोघांच्या नावावर असते, वारसाला जाते, पण विकता येत नाही.

एकसालीत ऊस बसत नाही

आता आमच्या विषयाकडे येतो. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. एका वर्षाच्या लावणीने, ज्याला आपण एकसाली म्हणतो, जमीन मिळाली तर तिची मुदत साधारण या वर्षाला धरून असते. या बारा महिन्यांत कोणता ऊस बसतो ते बोटांवर मोजून बघा. आडसाली जुलै-ऑगस्टला लावला तर १६ ते १८ महिने. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, १४ ते १५ महिने. सुरू जानेवारी-फेब्रुवारीचा, १२ महिने, पण तो पुढच्या जानेवारीत तुटतो आणि मध्ये ३१ जुलै येऊन जातो. म्हणजे तीनही हंगामांतला एकही ऊस एकसालीच्या वर्षात बसत नाही. उभे पीक शेतात आणि मुदत संपलेली, अशा माणसाचे म्हणणे कोण ऐकणार? नूतनीकरण होईलच या भरवशावर लागण करणे म्हणजे कालव्याच्या आवर्तनाची तारीख न विचारता भर उन्हाळ्यात बेणे टाकण्यासारखे आहे. एकसालीवाल्याने सोयाबीन करावे, मागून हरभरा नाहीतर गहू करावा. कारखान्याला ऊस हवा आहे हे खरे, पण असा ऊस आम्ही मागणार नाही.

पाच वर्षांचा पट्टा असेल तर चित्र पालटते. समजा पट्टा १ ऑगस्ट २०२६ ला सुरू झाला, तर ३१ जुलै २०३१ ला संपेल. साठ महिने. लगेच लागणीची घाई करू नये. सरकारी तुकडे बहुधा पडीक, मुरमाड, उताराचे, सेंद्रिय अंश कमी असलेले असतात. ऑगस्टमध्येच ताग पेरावा आणि ४५ ते ५० दिवसांनी फुलावर येताच गाडावा. मागून हरभरा. जुलै २०२७ मध्ये आडसालीची लागण करावी, ती डिसेंबर २०२८ मध्ये तुटेल. त्यावर पहिला खोडवा डिसेंबर २०२९ मध्ये, दुसरा डिसेंबर २०३० मध्ये. मग जानेवारीत उन्हाळी भुईमूग पेरला की तो मे-जूनपर्यंत निघून रान मोकळे होते आणि पट्ट्याची मुदतही तेव्हाच भरते. एका बेण्यावर तीन तोडी मिळाल्या. खरा फायदा खोडव्यातच आहे, कारण त्याला बेणे नाही, नांगरट नाही. पट्ट्याच्या चौथ्या वर्षी नवी लागण करणाऱ्याला नेमका खोडवाच मिळत नाही. तोड लांबली तर काय, असे कोणी विचारील. म्हणून तर शेवटचे सात महिने मोकळे ठेवले. गळीत मार्चपर्यंत चालले आणि टोळी उशिरा आली तरी भुईमूग बुडेल, पट्टा बुडणार नाही.

पट्ट्याच्या जमिनीवर भांडवल घालतानाही हेच वेळापत्रक समोर ठेवावे. विहीर, पक्की पाइपलाइन ही कामे पट्ट्यात परवानगी असेल तरच, आणि मुदत लांब असेल तरच. ठिबक घ्यायचे तर गुंडाळून नेता येईल असे घ्यावे. पाण्याचा परवाना पट्टेदाराच्या स्वतःच्या नावावर हवा, शेजाऱ्याच्या मोटारीवर उसाचा संसार चालत नाही.

वर्ग २ वाल्याला मुदतीची ही काळजी नाही. त्याने रान बनवण्यावर खर्च करावा. शेणखत, ताग, पाचट जागेवर कुजवणे, बांधबंदिस्ती, यात घातलेला रुपया त्याच्याच घरी राहतो. सुरू उसाला हेक्टरी २५०, ११५, ११५ किलो नत्र, स्फुरद, पालाश ही विद्यापीठाची शिफारस आहे, म्हणजे एकरी १००, ४६, ४६. हलक्या रानात नत्र चार हप्त्यांत विभागूनच द्यावे, एकदम टाकलेले पाण्याबरोबर खाली जाते.

कर्ज, नोंद आणि बिल

वर्ग २ च्या जमिनीवर कर्ज मिळत नाही, असे अजून काही जण समजतात. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ३६ मध्येच सवलत आहे. वर्ग २ चा भोगवटादार आपली जमीन सहकारी संस्थेकडे, स्टेट बँकेकडे, राष्ट्रीयीकृत बँकेकडे कर्जासाठी तारण देऊ शकतो. सावकाराकडे नाही, शेजाऱ्याकडे नाही. म्हणून विकास सोसायटीचे सभासद व्हावे. पण त्याच कलमात पुढे असेही आहे की कर्ज थकले तर ती जमीन जप्त करून विकता येते. सवलत आणि धोका एकाच वाक्यात आहेत. पट्टेदाराला ही सवलत आपोआप लागू होत नाही, त्याने पट्ट्यातली अट बघावी.

आता सुरुवातीला सांगितलेला प्रकार घ्या. जमीन वर्ग २ ची, धारक कोणी विधवा भगिनी. सोसायटीचे पीककर्ज तिच्या नावावर. तिने पैशांच्या अडचणीत रान शेजाऱ्याला स्टँप पेपरवर लिहून दिले. लागण शेजाऱ्याची, कारखान्यात नोंदही त्याच्याच नावावर. ऊस तुटला, काट्यावर वजन झाले, बिल शेजाऱ्याच्या खात्यात गेले. सोसायटीची वसुली आपण उसाच्या बिलातून करतो. पण तिच्या नावाचे बिलच नाही, मग वसुली कशातून होणार? कर्ज थकले. दोन वर्षांनी नोटीस तिच्या दारात. तिच्या रानातून ऊस दोनदा गेलेला असतो आणि ती थकबाकीदार ठरलेली असते. वर शर्तभंगाची चौकशी लागली तर जमीनही जायची. असा प्रकार आमच्या डोळ्यांसमोर घडलेला आहे, फार लांबचा नाही.

हे टाळायला एकच गोष्ट पुरेशी आहे. सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याच्याच नावावर ऊस नोंद. बिल त्याच्याच बँक खात्यात. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत येणारे पैसे त्याच्याच हातात. पीक पाहणी आता १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची आहे. ती धारकाने स्वतः किंवा घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीने करावी, शेजाऱ्याच्या मोबाइलवरून त्याच्या सोयीने होऊ देऊ नये.

आकड्यांत बघू. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्र शासनाने १०.२५ टक्के उताऱ्याला टनी ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात टनी २,६०० पडले असे धरू, आणि हलक्या रानात एकरी ४० टनच धरू. १,०४,००० रुपये. खर्च ५५,००० धरला तरी ४९,००० उरतात. खंडाने देणाऱ्याला समजा एकरी १५,००० मिळाले. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले घालून बघावेत. पण फरक कुठे जातो ते त्यावरून दिसते. खंड घेणाऱ्याच्या डोक्यावर जमिनीची जोखीम नसते, आणि धारकाकडे मात्र जोखीम तेवढी राहते.

मोठ्या खातेदार सभासदांनाही दोन शब्द. आपण म्हणता, त्याच्याकडे भांडवल नाही, आम्ही केले नसते तर रान पडीक राहिले असते. काही ठिकाणी हे खरेही आहे. पण आपलाही हिशोब बघा. स्टँप पेपर, नोटरी, विसारपावती, कुलमुखत्यारपत्र, यांतल्या एकानेही वर्ग २ ची जमीन आपली होत नाही. घातलेली पाइपलाइन दुसऱ्याच्या रानात. अतिवृष्टीत पंचनामा झाला तर मदत त्याच्या नावावर. त्याच्या वारसांनी उद्या तक्रार केली तर उभा ऊस वादात. भांडवल घालायचेच असेल तर सरळ वाट आहे. ट्रॅक्टर भाड्याने द्या, पाणी ठरलेल्या दराने द्या, बेणे विका, आणि पैसे पावतीने घ्या. जमीन मात्र त्याच्याकडे राहू द्या.

'वर्ग दोनची वर्ग एक करून देतो' म्हणत फिरणारे लोक अलीकडे फार झाले आहेत. २०१९ मध्ये शासनाने काही प्रकारच्या वर्ग २ आणि पट्ट्याच्या जमिनी अधिमूल्य भरून वर्ग १ करण्याचे नियम केले, हे खरे. पण सगळ्या प्रकारच्या जमिनी त्यात बसत नाहीत. आपली बसते का, रक्कम किती, हे तहसील कार्यालयातच विचारावे आणि पैसे चलनानेच भरावेत. आणि वर्ग १ झाली की कुंपण निघाले, याचाही घरात बसून विचार करावा. विकण्यासाठीच करून घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

लहान तुकड्यांची तोड

एक तक्रार या सभासदांची आमच्या खात्याविरुद्ध आहे आणि ती खरी आहे. अर्धा-एक एकराच्या तुकड्याला टोळी जायला नाखूश असते. रस्ता नाही, ट्रेलर आत जात नाही, एका फडात दिवसही भरत नाही, मग "उद्या बघू" होते. ऊस वाळतो, वजन घटते, आणि कंटाळून माणूस रान दुसऱ्याला देतो. जमीन हातची जाण्याचे निम्मे मूळ येथे आहे, असे आमचे मत आहे.

यावर तोडगा वसाहतीतच आहे. सरकारी वाटपाचे आणि पुनर्वसनाचे तुकडे बहुधा एकमेकांना लागून असतात. पाच-सहा जणांनी एकाच आठवड्यात, एकाच जातीची लागण करावी. को ८६०३२ घ्या नाहीतर फुले २६५ घ्या, रान बघून ठरवा, पण सगळ्यांनी एकच घ्या. म्हणजे लागण तारीख एक, तोडीचा क्रम एक, आणि टोळीला सलग चार-पाच एकरांचा फड मिळतो. प्रत्येकाची जमीन, नोंद आणि बिल वेगळेच राहील, फक्त लागणीचे दिवस एकत्र. मध्यावर बैलगाडी-ट्रेलर जाईल एवढी वाट सगळ्यांनी मिळून पहिल्या सरीच्या आधीच सोडावी. नंतर उभ्या उसातून कोणी वाट देत नाही.

अशा गटांच्या याद्या आडसाली लागणीपूर्वी आपापल्या गट कार्यालयात द्याव्यात. सोबत प्रत्येकाचा चालू सातबारा, आठ-अ, मूळ आदेशाची किंवा पट्ट्याची नक्कल आणि बँक पासबुकाची प्रत आणावी. आदेश वाचता येत नसेल तर तसाच घेऊन यावा, चिटबॉय किंवा गट अधिकारी समोर बसून वाचून दाखवतील. त्यासाठी कोणाला काही देण्याचे कारण नाही.